गावाने बांधलेला किल्ला : प्रेज्मेरचे तटबंदीचे चर्च

श्रोतेहो,

कोणताही किल्ला पाहताना आपण पहिल्यांदा विचारतो तो 'हा कोणी बांधला' हा प्रश्न, आणि उत्तरात एखाद्या राजाचे किंवा घराण्याचे नाव येईल अशी आपली अपेक्षा असते. आज मी ज्या वास्तूविषयी बोलणार आहे तिच्याबाबत हा प्रश्न विचारला, तर एका गावाचे नाव सांगावे लागते. रोमानियात, कार्पेथियन पर्वताच्या कमानीच्या आत ट्रान्सिल्व्हेनिया हा प्रदेश आहे. त्याच्या आग्नेय कोपऱ्यात ब्राशोव हे शहर आणि त्या शहराच्या ईशान्येला, मोटारीने अर्ध्या तासाच्या आत गाठता येईल असे प्रेज्मेर हे गाव आहे. गावातल्या जर्मन भाषकांनी त्याला शतकानुशतके टार्टलाऊ म्हटले. गावाच्या मधोमध एक चर्च आहे आणि चर्चभोवती सुमारे १२ मीटर उंचीचा, काही ठिकाणी साडेचार मीटरपर्यंत जाडी असलेला तट आहे. शेतकरी, विणकर, लोहार, पाव भाजणारे अशा माणसांनी हा तट उभारला, त्यावर पहारे दिले आणि पुढे त्याची डागडुजीही केली.

ही माणसे येथे आली कशी, हे आधी सांगतो. १२व्या शतकाच्या मध्यावर हंगेरीचा राजा दुसरा गेझा याने आपल्या राज्याच्या पूर्व सीमेवर वस्ती करण्यासाठी पश्चिमेकडून शेतकरी आणि कारागीर बोलावले. त्यांतले बरेच जण ऱ्हाईन आणि मोझेल या नद्यांच्या खोऱ्यांतून, लक्झेंबर्ग-फ्लँडर्सच्या बाजूने आलेले होते. तरीही दप्तरात त्यांची नोंद 'सॅक्सन' अशी झाली आणि तेच नाव कायम झाले. १२२४ साली दुसरा आंद्राश या राजाने त्यांना एक सनद दिली. या जमिनीवर कोणा सरदाराला जहागीर मिळणार नाही, लोक आपले न्यायाधीश आणि आपले पाद्री स्वतः निवडतील, आणि त्याच्या मोबदल्यात दरवर्षी ५०० मार्क चांदी आणि राज्यांतर्गत युद्धात ५०० शिपाई राजाला देतील, असे तिचे सार होते. प्रेज्मेर ज्या बर्सा प्रदेशात येते तो भाग या सनदेच्या मूळ हद्दीत नव्हता, पण तशाच प्रकारचे हक्क पुढे त्यालाही मिळाले. सरदार नाही याचा एक अर्थ असा की वेठबिगार नाही. दुसरा अर्थ, ज्याकडे इतिहासाचे हौशी वाचक सहसा लक्ष देत नाहीत, असा की संकटाच्या वेळी धावून जाण्यासाठी सरदाराचा वाडाही नाही. आपल्याकडे पाटील-देशमुखांच्या गढ्या होत्या. गढी एका घराण्याची असे आणि धाड आली की गाव तिच्या आश्रयाला जाई. सॅक्सन खेड्यांत तशी सोय नव्हती. दगडाची आणि मोठी अशी एकच इमारत गावात होती, ती म्हणजे चर्च.

बर्सा प्रदेशाचा आरंभीचा इतिहास थोडा निराळा आहे. १२११ मध्ये याच आंद्राश राजाने हा मुलूख ट्युटॉनिक सरदारांच्या लष्करी धर्मसंघाला संरक्षणासाठी दिला. या मंडळींनी अल्पावधीतच तो मुलूख थेट पोपच्या आधिपत्याखाली नेण्याचा घाट घातला. राजाने १२२५ मध्ये त्यांना सैन्य पाठवून हाकलून दिले आणि ती मंडळी पुढे बाल्टिक समुद्राकाठी प्रशियात जाऊन आपले राज्य थाटून बसली. १२४० साली चौथा बेला या राजाने प्रेज्मेरसह बर्सा प्रदेशातल्या चार गावांची चर्चे सिस्टर्शियन या संन्यासी संघाकडे सोपवली. प्रेज्मेरचे नाव कागदोपत्री प्रथम आढळते ते याच दानपत्रात.

चर्चच्या बांधणीवर या दोन्ही काळांची छाप आहे. त्याचा आराखडा समभुज क्रुसाचा होता, म्हणजे चारही बाहू सारख्या लांबीचे आणि मधल्या चौकावर अष्टकोनी मनोरा. त्या काळी पश्चिम युरोपात आणि ट्रान्सिल्व्हेनियातही गावचे चर्च म्हटले की लांबट सभागृह, पूर्वेला वेदी आणि पश्चिमेला मनोरा अशी रचना ठरून गेलेली होती. मध्याभोवती फिरणारा हा आराखडा या प्रदेशात एकटाच आहे. तो ट्युटॉनिक सरदारांच्या काळात आखला गेला असावा, असे अनेक अभ्यासकांना वाटते, आणि मलाही ते पटते, कारण अशा समभुज रचनेची ओढ पवित्र भूमीशी, म्हणजे जेरुसलेमच्या मुलखाशी संबंध असलेल्या लष्करी संघांना अधिक असणार. वरची छते, टोकदार कमानी आणि खिडक्यांची घडण मात्र सिस्टर्शियन वळणाची आहे. ओल्त नदीच्या खोऱ्यातल्या कर्त्सा येथील मठाच्या बांधकामातून हे आरंभीचे गॉथिक वळण या मुलखात पसरले. पुढे गावाची लोकसंख्या वाढली तेव्हा पश्चिमेचा बाहू लांबवण्यात आला आणि मूळ समतोल बिघडला. वास्तुशास्त्राच्या दृष्टीने हे नुकसान आहे. रविवारी उभे राहायला जागा न मिळणाऱ्या गावकऱ्याच्या दृष्टीने ती सोय होती. आत १५व्या शतकाच्या मध्यावर रंगवलेले पंखांचे वेदिचित्र आहे. त्यात मधोमध क्रुसारोहण आणि दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर येशूच्या अखेरच्या दिवसांतले प्रसंग आहेत. ट्रान्सिल्व्हेनियात टिकून राहिलेल्या अशा वेदिचित्रांमध्ये हे सर्वांत जुने समजले जाते.

आता तटाकडे येऊ. प्रेज्मेर हे सॅक्सन वस्तीच्या अगदी पूर्वेकडच्या टोकाला, बुझाउ खिंडीच्या तोंडाशी आहे. कार्पेथियन ओलांडून येणाऱ्या कोणत्याही फौजेला पहिल्यांदा लागणाऱ्या गावांपैकी हे एक. १२४१ ची मंगोल स्वारी या प्रदेशाने पाहिली होती. १४व्या शतकाच्या अखेरीपासून ऑटोमन तुर्कांच्या धाडी सुरू झाल्या. १४२१ साली बर्सा प्रदेश लुटला गेला आणि ब्राशोवच्या नगरमंडळाचे सभासदच कैद करून नेले गेले. १४३२ आणि १४३८ साली पुन्हा धाडी आल्या. या धाडींचा हेतू मुलूख जिंकण्याचा नसे. वेगवान घोडेस्वारांच्या टोळ्या धान्य, गुरे आणि विशेषतः माणसे उचलून नेत आणि काही दिवसांत परतत. अशा शत्रूपुढे वर्षभर वेढा सोसणारा बलाढ्य दुर्ग लागत नाही. माणसे आणि दाणागोटा दोन-तीन आठवडे हाती लागू नये, एवढी व्यवस्था पुरते. ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे या किल्ल्याची प्रत्येक बाब समजू लागते. आणखी एक गोष्ट जाता जाता सांगतो. ट्रान्सिल्व्हेनिया म्हटले की आपल्याला जो रक्तपिपासू उमराव ड्रॅक्युला आठवतो, त्या कल्पित पात्राला ज्याचे टोपणनाव मिळाले तो कार्पेथियनच्या दक्षिणेकडील वालाकियाचा राजा व्लाद त्सेपेश १४६०च्या सुमारास याच बर्सा प्रदेशातली खेडी जाळत आला होता. शेजारचा ख्रिस्ती राजासुद्धा शत्रू ठरू शकतो, हे गावाला तुर्कांइतकेच ठाऊक होते.

तटाची आखणी जवळजवळ वर्तुळाकार आहे आणि त्याला नालेच्या आकाराचे बुरूज आहेत. बाहेर पाण्याचा खंदक होता. तो नंतर बुजवण्यात आला. आत जायला एकच वाट आहे. आपल्या दुर्गांत जसे मुख्य दरवाजाच्या पुढे रणमंडळ असते, तसे येथेही नंतरच्या काळात दरवाजासमोर वेगळे तटबंद आवार जोडले गेले. तेथून सुमारे ३० मीटर लांबीचा, कमानी छताचा बोगदा लागतो. त्याच्या वाटेत वरून खाली सोडण्याचा लोखंड जडवलेला जाड ओक लाकडाचा अडसर होता. शत्रू पहिला दरवाजा फोडून बोगद्यात शिरला, तर पुढचा अडसर पडलेला आणि मागची वाट अरुंद, अशा कोंडीत तो सापडे. तटाच्या माथ्यावर आतल्या अंगाने फांजी आहे, म्हणजे पहारेकऱ्यांना फिरण्याचा रस्ता. तिला छप्पर आहे आणि बाहेरच्या बाजूला जंग्या, म्हणजे मारा करण्याची छिद्रे आहेत. काही जंग्या सरळ समोर पाहतात, तर काही तटाच्या पायथ्याशी आलेल्या माणसावर दगड आणि उकळते पाणी टाकण्यासाठी खाली झुकलेल्या आहेत.

येथवरचे सारे कोणत्याही मध्ययुगीन किल्ल्यात आढळेल. प्रेज्मेरचे वेगळेपण बोगदा संपून चौकात पाऊल टाकल्यावर दिसते. तट बाहेरून भिंत आहे, आतून ती चाळ आहे. तटाच्या आतल्या अंगाला, एकावर एक अशा चार मजल्यांपर्यंत खोल्या बांधलेल्या आहेत. त्यांची संख्या २७२. प्रत्येक खोलीला चौकाच्या बाजूने एक ठेंगणे लाकडी दार, दारापुढे अरुंद सज्जा आणि सज्जावर चढण्यासाठी अतिशय उभे लाकडी जिने. आत शिरल्यावर पाठीमागची भिंत म्हणजे खुद्द तट, त्यामुळे तिला खिडकी नाही. उजेड येईल तो दारातून. दारांवर क्रमांक रंगवलेले आहेत आणि तेथेच या व्यवस्थेचे मर्म आहे. खोली माणसाची नव्हती, घराची होती. गावातल्या अमुक घराची अमुक खोली, अशी ती ठरलेली असे आणि घराबरोबरच वारसाने पुढच्या पिढीकडे जाई. धोक्याची घंटा वाजली की कोणी कोठे जायचे, याचा विचार करण्याची वेळच येऊ नये. सुमारे १६०० माणसे येथे सामावत असत, असे सांगतात. म्हणजे एका खोलीत सरासरी सहा जण, एक कुटुंब. चर्चच्या आवारात एक शाळाही होती; वेढ्याच्या दिवसांत मुलांचे वर्ग तेथे भरत. आज ती खोली बाके आणि फळ्यासह मांडून ठेवलेली आहे.

पण वेढे म्हणजे वर्षातले काही दिवस, आणि अनेक वर्षे तेवढेही नाहीत. उरलेल्या काळात या खोल्यांचे काय करायचे? गावाने त्यांचे कोठार केले. धान्य, पीठ, डुकराच्या चरबीचे आणि मांसाचे खारवलेले तुकडे, वाळवलेली फळे, लोकर, दागिने, लग्नाचे कपडे, हे सारे घरी ठेवण्याऐवजी किल्ल्यातल्या खोलीत ठेवायचे. घरे लाकडी आणि गवताच्या छपराची असत, आग लागली की जळून जात. किल्ल्यात आगीची भीती कमी, चोराची भीती कमी, आणि धाड आली तर शिदोरी आधीच आत. मला या किल्ल्याची सर्वांत हुशार गोष्ट हीच वाटते. ज्या दुर्गाचा उपयोग केवळ संकटकाळी होतो, त्याची छपरे गळतात, दरवाजे सडतात, जिन्यांच्या पायऱ्या निखळतात, आणि नेमक्या वेळी काही धड उरत नाही. जेथे गावातली बाई दर आठवड्याला पीठ काढायला जाते, तेथे गळके कौल तिच्याच नजरेला आधी पडते.

ही रोजची व्यवस्था चालवणारी यंत्रणा म्हणजे सॅक्सन खेड्यांतली शेजारमंडळे. एका रस्त्यावरची घरे मिळून एक मंडळ. त्याचा निवडलेला प्रमुख. विहीर उपसणे, घर बांधायला हात लावणे, मयताला खांदा देणे, आग विझवणे आणि रात्रीचे पहारे, ही कामे मंडळाने वाटून घ्यायची. कामाला न येणाऱ्याला दंड बसे. चर्चमध्ये बसण्याच्या जागासुद्धा वयाप्रमाणे आणि मानाप्रमाणे ठरलेल्या असत. हे चित्र फारसे रमणीय करू नये. शेजाऱ्याची सतत नजर असणारे, शिस्तीचे आणि परक्याला सहज आत न घेणारे हे जीवन होते. रोमानियन भाषक गावकरी पुष्कळदा वस्तीच्या कडेला राहत आणि या व्यवस्थेत त्यांना बरोबरीचे स्थान नव्हते. पण तट उभा राहिला आणि उभा ठेवला गेला तो या शिस्तीच्या जोरावर.

कोठाराची ही पद्धत प्रेज्मेरपुरती नव्हती. विस्क्रीसारख्या गावांत एक बुरूजच चरबीच्या खारवलेल्या पट्ट्या टांगण्यासाठी राखलेला असे. प्रत्येक कुटुंबाच्या पट्टीवर त्याची खूण असे. रविवारच्या प्रार्थनेनंतर बुरूज उघडायचा, ज्याने त्याने आठवड्याचा तुकडा कापून घ्यायचा आणि कापलेल्या कडेवर पुन्हा शिक्का मारायचा, म्हणजे मधल्या दिवसांत कोणी सुरी लावली तर लगेच कळावे. दर्जिऊ हे गाव सॅक्सन नाही, ते हंगेरियन भाषक सेकेली लोकांचे आहे आणि तेथले चर्च युनिटेरियन पंथाचे आहे. तेथे तटाच्या आतल्या कोठीत धान्याच्या पेट्या आणि बुरुजात चरबीच्या पट्ट्या ठेवण्याची रीत आमच्या काळापर्यंत चालत आली. याच चर्चमध्ये संत लास्लोच्या कथेची १४१९ सालची भित्तिचित्रे आहेत.

तटबंदीची तऱ्हा मात्र गावागणिक बदलते. प्रेज्मेरने चर्चला हात न लावता भोवती कडे केले. सास्किझने उलटे केले : १५०० सालाच्या आसपास बांधलेल्या त्या चर्चच्या खुद्द माथ्यावरच लढण्याचा मजला चढवलेला आहे, त्यामुळे दुरून पाहणाऱ्याला ते देऊळ आहे की गढी हे कळत नाही. वालेआ वीइलोर येथे वेदीच्या दालनातच विहीर खोदलेली आहे. हर्मान हे प्रेज्मेरच्या शेजारचे गाव. तेथल्या तटातल्या एका लहान देवघरात अंतिम न्यायनिवाड्याची १५व्या शतकातली चित्रे टिकून आहेत. बिएर्तान हे सर्वांत प्रसिद्ध, टेकडीवर तीन तटांच्या वेढ्यात. तेथल्या वस्तुभांडाराच्या दाराचे १५१५ सालचे कुलूप कारागिरीचा नमुना म्हणून दाखवतात. एक किल्ली फिरवली की डझनाहून अधिक कड्या एकदम चारही बाजूंना सरकतात. तेथे भांडणाऱ्या नवरा-बायकोला एका खोलीत कोंडून एकच ताट आणि एकच चमचा देत, अशीही कथा वाटाडे रंगवून सांगतात. कुलूप पुन्हा पुन्हा पाहण्याजोगे आहे, कथेवर मी वेळ घालवणार नाही.

माझ्या मुद्द्याच्या दृष्टीने महत्त्वाचे गाव आहे कल्निक. तेथे १३व्या शतकात एका सॅक्सन सरदाराने स्वतःसाठी निवासी मनोरा बांधला होता. सॅक्सन मुलखात सरदारी वळण घेऊ पाहणारी काही घराणी होती, त्यांतले हे एक. १४३० साली त्या वंशाकडून हा मनोरा गावाने विकत घेतला. शेतकऱ्यांनी सरदाराचा गड पैसे मोजून घ्यावा आणि आपल्या धान्यासाठी, आपल्या जिवासाठी वापरावा, हा व्यवहार त्या काळच्या युरोपात सहज घडणारा नव्हता. गेल्या काही दशकांत या मुलखाविषयी जे लिहिले गेले त्यात तुर्कांच्या धाडींवर भर असतो. या खरेदीच्या व्यवहारावर तेवढा नसतो, याचे मला आश्चर्य वाटते.

प्रेज्मेरच्या लढायांविषयी थोडे. १३व्या ते १७व्या शतकांत गावावर पन्नासच्या आसपास हल्ले झाल्याचे परंपरा सांगते. तटावर एक चमत्कारिक हत्यार होते, त्याला 'मृत्यूचे ऑर्गन' म्हणत : लाकडी तुळईवर ओळीने बसवलेल्या अनेक बंदुकनळ्या, एका बाजूच्या नळ्या झाडल्या की तुळई फिरवून दुसऱ्या बाजूच्या समोर आणायच्या. किल्ला शत्रूच्या हाती पडला तो एकदाच, १६११ साली, आणि तेव्हा तो घेणारा तुर्क नव्हता. ट्रान्सिल्व्हेनियाचाच तरुण राजा गाबोर बाथोरी याने सॅक्सनांचे हक्क मोडण्याचा चंग बांधला होता; आधी त्याने सिबिऊ हे सॅक्सन शहर घेतले आणि मग बर्सा प्रदेशावर चालून आला. ब्राशोवने मिखाएल वाइस या नगराध्यक्षाच्या नेतृत्वाखाली त्याला टक्कर दिली. वाइस १६१२ मध्ये लढाईत पडला, आणि पुढच्याच वर्षी बाथोरीचाही खून झाला. चार-दोन आठवड्यांच्या धाडीसाठी बांधलेला किल्ला तोफखाना घेऊन आलेल्या राजापुढे टिकणार नव्हता, यात नवल नाही.

मधल्या काळात गावाचा धर्म बदलला होता. ब्राशोवच्या योहानेस होंटेरुस याने १५४०च्या दशकात मार्टिन लूथरची ख्रिस्ती धर्मसुधारणा आणली आणि १५५०पर्यंत सर्व सॅक्सन गावांनी ती स्वीकारली. मूर्ती गेल्या, चित्रांवर चुना फासला गेला. मग त्या उघड्या पांढऱ्या भिंतींवर काय लावले गेले असेल? अनातोलियात विणलेले तुर्की गालिचे. ब्राशोव हे पूर्वेच्या व्यापाराचे नाके होते. व्यापारी आणि कारागीर-संघ गालिचे विकत घेऊन चर्चला अर्पण करत. ब्राशोवच्या काळ्या चर्चमध्ये आजही असे शंभराहून अधिक गालिचे आहेत. ज्यांच्या धाडीच्या भीतीने तट चढवले त्यांच्याच मुलखातले नमाजाच्या नक्षीचे गालिचे लूथरपंथी वेदीजवळ लटकत होते, आणि त्यात कोणाला विसंगती वाटल्याचे दिसत नाही. व्यापार आणि युद्ध एकाच खिंडीतून ये-जा करीत असले म्हणजे असे होते.

१७व्या शतकाच्या अखेरीस ट्रान्सिल्व्हेनिया ऑस्ट्रियाच्या हॅब्सबुर्ग घराण्याच्या सत्तेखाली गेले आणि धाडी थांबत गेल्या. अनेक गावांनी आपले तट पाडून त्या दगडांतून शाळा आणि सभागृहे बांधली. प्रेज्मेरने पाडले नाहीत, कारण खोल्या वापरात होत्या. तुर्कांपासून वाचवणे संपले तरी उंदरांपासून धान्य वाचवायचे होतेच.

या गावांवर खरा घाला २०व्या शतकात पडला. जानेवारी १९४५ मध्ये रोमानियातल्या जर्मन भाषक स्त्री-पुरुषांपैकी काम करण्याजोग्या वयाच्या सुमारे ७०,००० जणांना सोव्हिएत संघात सक्तमजुरीसाठी नेण्यात आले. पाठोपाठ जमिनी जप्त झाल्या. पुढे कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीने पश्चिम जर्मनीकडून माणशी रक्कम घेऊन लोकांना देश सोडू दिला, आणि १९९० नंतर सीमा खुली होताच उरलेल्यांपैकी बहुतेक जण दोन-तीन वर्षांत निघून गेले. आठशे वर्षे वसलेली खेडी एका पिढीत रिकामी झाली. प्रेज्मेरच्या किल्ल्याची १९६०च्या दशकात नीट डागडुजी झालेली होती, त्यामुळे तो सुस्थितीत राहिला. बिएर्तानला १९९३ मध्ये आणि प्रेज्मेर, विस्क्री, सास्किझ, वालेआ वीइलोर, कल्निक, दर्जिऊ यांना १९९९ मध्ये जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. बाकीची दीडशेच्या आसपास तटबंद चर्चे त्या यादीबाहेर आहेत आणि त्यांची मालकी ज्या लूथरपंथी चर्चकडे आहे त्याची सभासदसंख्या आता फार थोडी उरली आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये काही दिवसांच्या अंतराने रोआदेश आणि रोटबाव या दोन गावांतल्या चर्चचे मनोरे ढासळले. त्यानंतर जी कामे हाती घेतली गेली त्यांत भव्य जीर्णोद्धारापेक्षा कौले बदलणे, पन्हळी साफ करणे आणि भिंतींच्या पायाशी साचणारे पाणी काढून देणे यांवर भर आहे. हा क्रम योग्य आहे असे माझे मत आहे, कारण पूर्वी ही कामे शेजारमंडळांतली माणसे करत होती आणि आता ती करायला पगारी माणसे नेमावी लागणार आहेत.